शब्दचर्चा: बाप्तिस्मा, बाप्टिस्ट आणि 'बुडवणे'

शब्दवेडी (मूळ पोस्ट)

नमस्कार मंडळी. एका मासिकासाठी सध्या एक चरित्रलेख मराठीत लिहिते आहे आणि एका शब्दावर चार दिवस अडले आहे.

लेख थॉमस जेफरसन कोनंट या अमेरिकन बाप्टिस्ट बायबल-अभ्यासकावर आहे. (बाप्टिस्ट म्हणजे जाणत्या वयात आणि पूर्ण पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा द्यावा असं मानणारा ख्रिस्ती पंथ.) जन्म १८०२, व्हरमाँट राज्यातलं ब्रँडन गाव. मिडलबरी कॉलेजातून १८२३ साली पदवी. मग वॉटरव्हिल, हॅमिल्टन आणि रॉचेस्टर अशा तीन ठिकाणी आयुष्याची तीस वर्षं शिकवण्यात गेली. मध्ये १८४१-४२ च्या सुमारास जर्मनीत हाले आणि बर्लिनला जाऊन शिकून आले, म्हणजे चाळिशीला टेकलेला प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी झाला. त्याआधीच, १८३९ साली, गेझेनियस या जर्मन पंडिताचं हिब्रू व्याकरण त्यांनी इंग्रजीत आणलं होतं. १८५७ साली रॉचेस्टरची नोकरी सोडली आणि ब्रुकलिनला राहून उरलेलं आयुष्य बायबलच्या भाषांतराला दिलं. ईयोब, मत्तय, उत्पत्ती, स्तोत्रं, नीतिसूत्रं. इंग्रजी बायबलची मोठी सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा जुन्या कराराच्या अमेरिकन समितीतही ते होते. १८९१ साली ब्रुकलिनमध्येच वारले.

त्यांच्या पत्नी हॅना यांना मी लेखात स्वतंत्र परिच्छेद दिला आहे. निआंडर या जर्मन पंडिताची भाष्यं त्यांनी इंग्रजीत आणली आणि इंग्रजी बायबलच्या भाषांतरांचा इतिहास १८५६ साली लिहिला. अशा बाईची ओळख नुसती 'अमक्यांच्या सौभाग्यवती' अशी करून देणं मला जमणार नाही.

आता अडचण. १८६० साली कोनंटनी एक पुस्तक लिहिलं ते फक्त एका क्रियापदावर. ग्रीक क्रियापद, 'बाप्तिझेइन'. ज्यावरून आपला 'बाप्तिस्मा' आला. पुस्तकाचं नाव मराठीत साधारण "बाप्तिझेइनचा अर्थ आणि वापर" असं होईल. होमरपासूनच्या परंपरेत पुढे जे जे ग्रीक लेखक झाले त्यांच्यात हा शब्द कुठे कुठे आला, ती वाक्यं मूळ ग्रीकमध्ये आणि शेजारी भाषांतर, अशी एकापाठोपाठ एक मांडली आहेत. इतिहासकार, वैद्य, तत्त्वज्ञ, पुढे चर्चचे जुने आचार्य. म्हणजे हीच शब्दचर्चा, फक्त दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने एकट्याने केलेली.

निष्कर्ष असा की या क्रियापदाचा अर्थ पाण्यात किंवा पाण्याखाली घालणं, बुडवणं. शिंपडणं नव्हे, ओतणं नव्हे.

माझ्या लेखात याचं एक वाक्य असं येतं: "बाप्तिस्मा म्हणजे बाप्तिस्मा हे सांगून काही सांगितल्यासारखं होत नाही, म्हणून कोनंटनी त्याचं भाषांतर केलं." आणि इथे मराठीत काय लिहू? 'बुडवणे' लिहिलं की कानाला टोचतं. 'स्नान' लिहिलं की कोनंटचा सगळा मुद्दाच धुऊन जातो. दुसरी छोटी शंका: मी एका ओळीत 'बाप्टिस्ट' लिहिते आणि पुढच्याच ओळीत 'बाप्तिस्मा'. ट आणि त. मुद्रितशोधकाने दोन्हीखाली लाल रेघ ओढली आहे. एकसारखं करू का?

वसईकर

ताई, एकसारखं करू नका. तो फरक खरा आहे, चूक नाही.

इंग्रजीतून आलेला 'टी' आपण ट करतो: टेबल, तिकीट, डॉक्टर. (तिकिटातला पहिला त कसा सुटला कोण जाणे, पण नियम तो.) ग्रीक, पोर्तुगीज वाटेने आलेला दंत्य राहतो. 'बाप्टिस्ट' हे पंथाचं नाव आपल्याकडे इंग्रजांच्या तोंडून आलं. 'बाप्तिस्मा' बायबलातून आला. म्हणून बायबलातल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला त आणि बाप्टिस्ट मिशनरी विल्यम केरीला ट. एकाच धातूचे दोन शब्द दोन दारांनी घरात आले. दोन्ही तसेच ठेवा, मुद्रितशोधकांना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडे, कॅथलिकांच्या मराठी पुस्तकांत, 'स्नानसंस्कार' असतं. गोव्यात कोकणीत 'बावतिझम'. 'स्नानसंस्कार' का चालणार नाही तुम्हाला? मराठी कानाला तो शब्द फार चांगला बसतो. उपनयन, विवाह, तसाच हा एक संस्कार.

शब्दवेडी

दादा, त/ट चं उत्तर पटलं, आभार.

'स्नानसंस्कार' शब्द मला स्वतःला आवडतो. पण कोनंटच्या लेखात तो घातला तर भांडण कशावरून होतं तेच वाचकाला कळणार नाही. भांडण मोठं होतं, आणि त्याचं एक टोक आपल्याच देशात आहे.

कलकत्त्यातले बाप्टिस्ट मिशनरी विल्यम येट्स आणि विल्यम पियर्स यांनी बंगाली नव्या करारात हा शब्द तसाच न ठेवता बुडवण्याच्या अर्थाच्या शब्दाने भाषांतरित केला. बायबल सोसायटीने अशा प्रतीला पैसे द्यायला नकार दिला. अमेरिकेतल्या सोसायटीने १८३६ साली ठरवलं की इंग्रजी प्रचलित बायबलच्या तत्त्वांशी जुळतील अशाच भाषांतरांना मदत. इंग्रजीत शब्द जसाच्या तसा उचललेला होता, तर इतरांनीही उचलायचा. यावरून बाप्टिस्ट वेगळे झाले. त्यांनी त्याच वर्षी स्वतःची सोसायटी काढली, लंडनमध्ये १८४० साली आणखी एक निघाली. मग अमेरिकेत प्रश्न आला की बंगालीत, ब्रह्मदेशाच्या भाषेत भाषांतर करायचं आणि इंग्रजीत मात्र झाकून ठेवायचं, हे कसं? त्यातून १८५० साली 'अमेरिकन बायबल युनियन' निघाली. कोनंट यांनी नोकरी सोडली ती या संस्थेच्या कामासाठी. त्यांच्या इंग्रजी नव्या करारात मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात योहानाचं बिरुदच बदललं. 'योहान द इमर्सर', म्हणजे बुडवणारा योहान.

म्हणजे बंगालीतला एक शब्द अडला आणि त्याची लाट न्यूयॉर्कला जाऊन इंग्रजी बायबलवर आपटली. मला ही गोष्ट विलक्षण वाटते. तिथे 'स्नानसंस्कार' कसा लिहू?

पाणवठा

हा धागा पाहून राहवलं नाही. थोडं ग्रीक शिकलो आहे, कोनंटचं पुस्तक वर्षानुवर्षं जवळ आहे. माझं म्हणणं असं की मराठी माणसाला कोनंटची उदाहरणं समजावून सांगावीच लागत नाहीत. इंग्रज वाचकाला लागतात. आपल्या 'बुडणे-बुडवणे'चा पसारा आणि त्या ग्रीक शब्दाचा पसारा जवळजवळ एकावर एक बसतो. काही उदाहरणं, माझ्या मराठीत:

प्लुटार्कने सिकंदराच्या मिरवणुकीचं वर्णन केलं आहे. वाटेवर मोठमोठे रांजण ठेवलेले, आणि सैनिक त्यांत पेले 'बाप्तिझ' करून दारू काढतायत. आपण काय म्हणतो? रांजणात पेला बुडवून. झालं.

तोच प्लुटार्क, रोमन सम्राट गाल्बाच्या चरित्रात. ओथो नावाचा सरदार पाच कोटींच्या कर्जात 'बाप्तिझ' झालेला. मराठी: कर्जात बुडालेला. इंग्रजीतही असं म्हणता येतं, पण मराठीत दुसरं काही सुचतच नाही.

प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये मेजवानीला जमलेली मंडळी पिण्याबद्दल बोलतायत, आणि ॲरिस्टोफेनिस म्हणतो की काल जे 'बाप्तिझ' झाले त्यांतला मी एक. दारूत बुडालेला.

यशया २१:४ चं जुनं ग्रीक भाषांतर: अधर्म मला 'बाप्तिझ' करतो आहे. पापात बुडणं आपल्याला नवं नाही.

आणि आता ते उदाहरण जे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. योसेफस हा यहुदी इतिहासकार. हेरोद राजाचा मेहुणा अॅरिस्टोब्युलस, कोवळ्या वयाचा महायाजक, लोकांचा लाडका, म्हणून राजाला नकोसा. यरीहोच्या वाड्यातल्या तलावात मुलं पोहत होती. अंधार पडत आला होता. राजाने सांगून ठेवलेल्या लोकांनी खेळ चालल्यासारखं दाखवत त्याला पुन्हा पुन्हा पाण्याखाली दाबलं, आणि तो गेल्यावरच सोडलं. योसेफसने 'पाण्याखाली दाबलं' यासाठी वापरलेलं क्रियापद हेच, 'बाप्तिझेइन'.

कोनंटनी हे उदाहरण वगळलं नाही. स्वतः बाप्टिस्ट, ज्या विधीवर श्रद्धा तोच शब्द एका खुनाच्या वाक्यात, तरी त्यांनी ते मांडलं, कारण शब्दाचा अर्थ ठरवायचा तर सगळी वाक्यं समोर हवीत. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे.

'न्हाऊ घालणे' कोणी सुचवणार असेल तर आधीच सांगतो: ग्रीकमध्ये अंघोळीला वेगळं क्रियापद आहे, हातपाय धुण्याला वेगळं. हा तिसरा शब्द. याचा धाकटा भाऊ 'बाप्तो', तो बोट बुडवायला आणि कापड रंगवायलाही चालतो. आपला रंगारी कापड रंगात बुचकळतो, तसा.

नगरी

मी नगरची, घरात चौथ्या पिढीपासून ख्रिस्ती. पाणवठा सर, तुमची उदाहरणं वाचून अंगावर काटा आला. पण तुम्ही जे म्हणताय तेच मला उलट बाजूने दिसतं.

'बुडणे'चा पसारा ग्रीकइतकाच आहे म्हणता ना? त्या पसाऱ्यामुळेच मराठीत तो शब्द या विधीला लावता आला नसता. मराठीत काय काय बुडतं बघा. पैसे बुडतात, धंदा बुडतो, बँकेची कर्जं बुडीत खात्यात जातात, पोरं शाळा बुडवतात. देणं न फेडणारा तो कर्जबुडव्या, घराण्याचं नाव घालवणारा तो कुळबुडव्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: धर्म बुडतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आमच्या पणजोबांना गावाने जे ऐकवलं असेल ते हेच, की याने धर्म बुडवला. आता त्याच माणसाला नदीकाठी उभं करून पाळकांनी म्हणायचं, "मी तुला बुडवतो"? नाव लिहायचं 'बुडवणारा योहान'? मराठी माणूस तो शब्द पाणी म्हणून ऐकणारच नाही, तो नाश म्हणून ऐकेल.

एक साधं उदाहरण. आमच्या शेजारच्या काकू लहानपणी आम्हा मुलांना गणपतीच्या दिवशी एका शब्दावरून रागवायच्या. आम्ही ओरडत धावायचो, "चला, गणपती बुडवायला!" काकू दारातच थांबवायच्या. "बुडवायला नाही रे. बोळवायला." मूर्ती तीन वेळा पाण्यात खालीवर करून मग सोडतात, डोळ्यांना दिसतं ते बुडवणंच असतं. पण म्हणायचं विसर्जन, बोळवण, कुठे कुठे शिरवणं. जे पवित्र आहे ते मराठीत बुडत नाही.

आणखी एक. १८१२ साली अमेरिकेतून मिशनऱ्यांची पहिली तुकडी हिंदुस्थानला निघाली, दोन जहाजांनी. एकावर ॲडोनिरम जडसन. हे सगळे काँग्रिगेशनल पंथाचे, तान्ह्या मुलांना पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणारे. पण श्रीरामपूरला (बंगालमधलं, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे) विल्यम केरी आणि मंडळी बाप्टिस्ट, त्यांच्याशी वाद होईल म्हणून जडसन प्रवासात हाच शब्द घेऊन बसले. कलकत्त्याला उतरेपर्यंत मत फिरलं. सप्टेंबर १८१२ मध्ये त्यांनी पत्नीसह कलकत्त्यात बाप्टिस्ट पद्धतीने बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या जहाजावरचे लूथर राइसही पुढे त्याच वाटेने गेले. जडसन ब्रह्मदेशात गेले आणि त्यांच्या ब्रह्मी बायबलात हा शब्द 'बुडवणे' असा भाषांतरित झाला.

त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र काँग्रिगेशनलच राहिले, आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. त्यांची ती अमेरिकन मराठी मिशन. आमची सगळी नगरची मंडळी त्या झाडाची. आमच्याकडे बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. तिथे 'बुडवणे' शब्द लिहून कसं चाललं असतं? 'बाप्तिस्मा' दोघांनाही चालतो, बुडवणाऱ्याला आणि शिंपडणाऱ्याला. तुम्ही त्याला झाकलेला शब्द म्हणाल, ताई. माझ्यासाठी तो माझ्या आईच्या तोंडचा शब्द आहे.

आणि तो आता परका कुठे राहिलाय? चष्मा-चष्म्याचा, तसा बाप्तिस्मा-बाप्तिस्म्याचा. बाप्तिस्म्याच्या वेळी, बाप्तिस्म्याने. ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे म्हणे, आम्ही आकारान्त बघून पुल्लिंगी केला. बायबलात "बाप्तिस्मा करणारा योहान" आहे, बोलताना आम्ही 'बाप्तिस्मा दिला', 'बाप्तिस्मा घेतला', 'झाला' म्हणतो. शब्दाने मराठी विभक्ती घेतली की तो मराठी झाला, त्याला आणखी कसला दाखला हवा?

पाणवठा

नगरीताई, 'धर्म बुडवला' हा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. मान्य.

एका गोष्टीवर मात्र थोडं अडतो. 'बुडवणे' म्हणजे नाश, असं तुम्ही म्हणता. कोनंटच्या विरोधकांनीही नेमकं हेच हत्यार उचललं होतं. जेम्स डेल नावाच्या प्रेस्बिटेरियन (हाही शिंपडणारा पंथ) पंडिताने १८६७ साली लिहिलं की हे क्रियापद आत घालतं, बाहेर काढत नाही. ज्याला बाप्तिझ केलं ते तिथेच राहतं. गंमत अशी की शब्दात बाहेर काढणं नाही हे कोनंटनीही कबूल केलंच होतं. बाहेर येणं शब्दात नसतं, प्रसंगात असतं.

यावर कोनंटच्याच पुस्तकातली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते. थीसियसच्या चरित्रात प्लुटार्कने अथेन्स शहराबद्दलची एक भविष्यवाणी दिली आहे. ग्रीकमध्ये त्यात दोन क्रियापदं आहेत, एक 'बाप्तिझ' आणि दुसरं 'दुनाइ', म्हणजे तळाला जाणं. सूर्य बुडतो तेव्हा वापरतात ते. इंग्रजीत भाषांतरकारांना दोन वेगळे शब्द शोधावे लागतात. मराठीत एकाच धातूची दोन रूपं पुरतात:

"हवा भरलेल्या पखालीसारखं तुला बुडवतील, पण तू बुडणार नाहीस."

वाचून बघा. प्रयोजक रूप आणि मूळ रूप. बुडवतील, बुडणार नाहीस. पखाल हाताने पाण्याखाली दाबली तर जाते, सोडली की वर येते. 'बुडवणे' आणि 'बुडणे' यांत मराठी किती अंतर ठेवते ते या ओळीत दिसतं. जो बुडवला तो बुडालाच असं नाही.

वसईकर

सर, ही पखालीची ओळ वहीत उतरवून घेतली.

केरी यांचं नाव निघालं म्हणून. धाग्यात ते बाजूला राहिले, पण मराठीचा आणि बाप्टिस्टांचा सगळ्यांत थेट संबंध तोच. जोडे शिवणारा कारागीर, १७८३ साली नॉर्दम्प्टनला नेन नदीत उतरून बाप्तिस्मा घेतलेला. पुढे १८०० च्या डिसेंबरात श्रीरामपूरला हुगळीच्या घाटावर कृष्ण पाल या सुताराला यांनीच बाप्तिस्मा दिला. आणि त्यानंतर पाचच वर्षांत, १८०५ साली, याच माणसाने मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली मोडी लिपीत मराठी-इंग्रजी कोश. मदतीला पंडित वैजनाथ शर्मा. १८११ साली मराठी नवा करार. ताई, कोनंटचा लेख असला तरी एक ओळ केरींसाठी ठेवा. ज्या मराठीत आपण हा वाद घालतोय तिचे सुरुवातीचे छापील कोश-व्याकरण एका बाप्टिस्टाने केले.

शब्दवेडी

केरींची ओळ ठेवली आहे, दादा. खरं तर चार ओळी झाल्या.

सगळ्यांचं वाचून मी काल रात्री त्या पानावर पुन्हा बसले. आधी ठरवलं होतं की जिथे कोनंटनी भाषांतर केलं तिथे मीही करायचं, सगळीकडे 'बुडवणे'. नगरीताईंच्या पोस्टनंतर ते सोडलं. 'धर्म बुडवला' डोक्यात बसल्यावर 'बुडवणारा योहान' हाताने लिहवेना.

आता असं केलं आहे. मराठी बायबल, मराठी मंडळ्या, माणसांचे प्रसंग जिथे येतात तिथे 'बाप्तिस्मा', विभक्तीसकट. पंथाला 'बाप्टिस्ट', ट ने. कोनंटच्या पुस्तकातली ग्रीक उदाहरणं आली की कसलाही आडपडदा न ठेवता 'बुडवणे' आणि 'बुडणे': रांजणातला पेला, ओथोचं कर्ज, यरीहोचा तलाव. तिथे तो शब्द विधीचा नाही, भाषेचा आहे, आणि मराठी वाचकाने तो आपल्या कानाने ऐकावा असं मला वाटतं. 'इमर्सर' साठी तीन शब्द लिहून खोडले. 'बुचकळणारा'त कपडे दिसतात. 'बुडी देणारा' म्हटलं की योहान स्वतःच पाण्यात सूर मारतोय असं वाटतं. 'निमज्जन करणारा' पंचांगातला वाटतो. शेवटी वाक्यच फिरवलं: "कोनंटच्या भाषांतरात योहानाचं नाव ऐकताच यार्देन नदीत माणसांना पाण्याखाली नेऊन वर काढणारा माणूस दिसतो." 'वर काढणारा' हे मूळ शब्दात नाही, ते मी घातलं. पाणवठा सर, तुमची हरकत असेल तर आजच सांगा, उद्या दुपारी पानं छापायला जातात.

पाणवठा

हरकत नाही. फक्त 'वर काढणारा' नंतर एक तळटीप द्या की हे प्रसंगातून घेतलं आहे, शब्दातून नाही. कोनंटनी दिली असती.